भरून पावलो म्हणण्यापूर्वी

मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत एका होमिओपॅथिक डॉक्टरने कायद्याच्या विषयावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. व्यासपीठ साहित्याचे आहे, म्हणून सुरुवात एका शब्दापासूनच करतो. ‘नुकसानभरपाई’ हा आपला रोजच्या वापरातला जोडशब्द. त्यातले ‘नुकसान’ अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि इथलेच झाले. ‘भरपाई’त मात्र आपले ‘भरून पावणे’ आहे. देणे पूर्ण फिटले की घेणारा ‘भरून पावलो’ असे लिहून देतो, आणि मग त्या व्यवहारात मागायला काही उरत नाही. म्हणजे भरपाईत दोन गोष्टी येतात. जे कमी झाले ते भरले जाणे ही पहिली, आणि ते भरले गेले असे घेणाऱ्याने मान्य करणे ही दुसरी. पहिली गोष्ट घडण्याआधीच दुसरी घडली, की माणूस कायमचा फसतो.

आपल्या भागात हे वारंवार घडते. गाडीने धडक दिली, चार लोक जमले, कोणीतरी वडीलधारा मध्ये पडला, दहा-पंधरा हजार रुपये हातावर ठेवले गेले आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर जखमीच्या भावाने सही केली. पोलिसांत नोंद नाही, इस्पितळात ‘घरात पाय घसरून पडलो’ असे सांगितलेले. माझ्या दवाखान्यात अपघाताचा रुग्ण पहिल्या दिवशी येत नाही. तो येतो सहा महिन्यांनी, वर्षाने. हाड जुळलेले असते, पण गुडघा वळत नाही, हाताला मुंग्या येतात, डोके दुखते, झोप लागत नाही आणि काम सुटलेले असते. औषध मी देतो. पण ‘भरपाईचा अर्ज केला होता का?’ असे विचारले की बहुतेक वेळा उत्तर एकच मिळते : ‘तेव्हाच मिटवलं, डॉक्टर.’

मी वकील नव्हे. पण शरीराची इजा आणि कायद्याचा हक्क यांची गाठ कुठे पडते, हे जखमी माणसाच्या घरच्यांना साध्या भाषेत कळले पाहिजे असे मला वाटते. कायदे बहुतांशी केंद्राचे आहेत. त्यामुळे बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद कुठेही राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ते सारखेच लागू होतात.

इजा झाली म्हणजे हक्क आला का?

नाही. हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण एका बाजूला हक्क असून न मागणारे आहेत, तर दुसऱ्या बाजूला ‘लागलं ना, मग कुणीतरी पैसे द्यायलाच हवेत’ असे मानणारेही आहेत. सर्वसाधारण नियमाप्रमाणे तीन गोष्टी जुळाव्या लागतात. समोरच्यावर आपल्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य होते. त्याने ती काळजी घेतली नाही. आणि त्या हयगयीमुळेच आपल्याला इजा झाली. या तिन्हींतली एक कडी जरी तुटली, तरी दावा टिकत नाही.

दोन खटले शेजारी ठेवले की हे समजते. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली. मनोरा ८० वर्षांचा होता आणि ज्या प्रकारच्या चुन्यात तो बांधला होता त्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे, अशी साक्ष झाली. पालिकेने तो कधी नीट तपासलाच नव्हता. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतची आपली इमारत धोकादायक होऊ नये हे पाहणे मालकाचे काम आहे, आणि दोष दिसत नव्हता ही सबब त्याला पुरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुसरी घटना राजकोटची. रस्त्याकडेचे झाड अचानक पडले आणि पायी जाणारा माणूस दगावला. १९९७ च्या निकालात तेच न्यायालय म्हणाले, की हे झाड पडेल असा अंदाज येण्यासारखे काही नव्हते आणि प्रत्येक झाडाची सतत तपासणी करण्याचे कर्तव्य पालिकेवर लादता येत नाही. तिथे दावा फेटाळला गेला. दोन्हीकडे मृत्यू, दोन्हीकडे पालिका, तरी निकाल उलट. दुःख किती मोठे, हा प्रश्न नंतर येतो. काळजी घेण्याचे काम कुणाचे होते आणि त्याने ते केले का, हा प्रश्न आधी येतो.

खड्ड्यांच्या बाबतीत काळ थोडा बदलतो आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी गटारे यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना इजेच्या मानाने ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तो आदेश महाराष्ट्रातला आहे. सीमेच्या अलीकडे कर्नाटकात तो आपोआप लागू होत नाही, पण वाऱ्याची दिशा त्यातून दिसते.

जिथे चूक विचारली जात नाही

वरच्या नियमाला काही मोठे अपवाद आहेत. गरीब माणसाला समोरच्याची चूक सिद्ध करणे जमत नाही, म्हणून काही ठिकाणी कायद्यानेच ती अट काढून टाकली.

पहिले ठिकाण कामाचे. आपल्या उद्यमबागेतील फौंड्रीत ओतकाम करणारा, वडगाव-शहापुरातील मागावर बसणारा, उसाच्या कारखान्यात राबणारा कामगार काम करीत असताना आणि कामामुळे जखमी झाला, तर मालकाची चूक होती का हे विचारले जात नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातले हे तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. कामगाराने दारू प्यायली होती, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडला होता किंवा यंत्राचे संरक्षक जाणूनबुजून काढले होते, असे सिद्ध झाले तर मालकाला बचाव आहे. पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तोही बचाव चालत नाही. कामगाराचे ई.एस.आय.चे कार्ड असेल तर हा लाभ मालकाऐवजी त्या महामंडळाकडून मिळतो. ‘तुझाच हात निष्काळजीपणाने यंत्रात गेला’ असे मालक म्हणाला म्हणून कामगार गप्प बसतो. त्याने गप्प बसण्याचे कारण नाही.

दुसरे ठिकाण रेल्वे. चालत्या गाडीतून प्रवासी पडला, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा किंवा नशा असे थोडे अपवाद आहेत. मृत्यूबद्दलची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे, आणि जखमांसाठी इजेच्या प्रकारानुसार ठरलेली रक्कम मिळते. अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून प्रवासी खरा नव्हता असे ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. मात्र रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो.

तिसरे ठिकाण धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यांचे. मध्य प्रदेशात पावसाळी रात्री सायकलवरून घरी निघालेला एक माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत वीजवाहिनीला लागून मेला. कुणीतरी आकडा टाकून वीज चोरत होता, आमचा दोष नाही, असे वीज मंडळाने सांगितले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. एवढी जीवघेणी वस्तू जो वाहून नेतो, त्याने ती निसटू न देण्याची जबाबदारीही घ्यावी, असा त्या निकालाचा आशय. त्याआधी १९८६ मध्ये, दिल्लीतील ओलियम वायूच्या गळतीच्या खटल्यात, घातक उद्योग चालवणाऱ्याला कुठलीच सबब नाही असे तत्त्व त्याच न्यायालयाने घालून दिले होते. शेतात तुटून पडलेल्या तारेने होरपळलेल्या शेतकऱ्याने हे लक्षात ठेवावे.

रस्त्यावरचा अपघात

सर्वांत जास्त दावे याच प्रकारचे असतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तीन दरवाजे आहेत.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर मृत्यूला २ लाख आणि जबर दुखापतीला ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. ‘गाडीचा नंबरच नाही, आता कुणावर दावा लावायचा?’ म्हणून घरी बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठीच हा दरवाजा आहे.

गाडी माहीत आहे, पण चूक कुणाची या वादात पडायचे नाही, तर मृत्यूला ५ लाख आणि जबर दुखापतीला अडीच लाख ही ठरलेली रक्कम गाडीच्या मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मिळते. जबर दुखापत म्हणजे काय, हेही कायद्याने सांगितले आहे. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, दृष्टी किंवा श्रवण कायमचे जाणे, एखादा अवयव किंवा सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, आणि नव्या न्याय संहितेप्रमाणे १५ दिवस तीव्र वेदना असणे किंवा रोजचे व्यवहार करता न येणे, या सर्वांचा तीत समावेश होतो. साधे मनगटाचे हाड मोडले तरी ती कायद्याच्या भाषेत जबर दुखापत आहे.

तिसरा दरवाजा पूर्ण भरपाईचा. इथे चालकाची हयगय दाखवावी लागते, पण रकमेला वरची मर्यादा नाही. फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. कोणती गोष्ट अधिक संभवनीय, एवढे पाहिले जाते. त्यामुळे फौजदारी कोर्टात चालक सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही. यात एक फासा आहे. मधल्या दरवाजाची ठरलेली रक्कम स्वीकारली, तर पूर्ण भरपाईचा दावा संपुष्टात येतो. म्हणून विमा कंपनीचा माणूस लवकर चेक घेऊन आला, तर आनंदाने सही करण्याआधी दुखण्याचा अंदाज डॉक्टरकडून घ्यावा आणि हिशेब वकिलाकडून करून घ्यावा.

‘आमचीही थोडी चूक होती’ असे म्हणून माणसे मागे हटतात. थोडी चूक असेल तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते, हक्क जात नाही. मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून विमा कंपनीने हात झटकले, असा एक खटला २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. तिघे बसणे हा नियमभंग खरा, पण त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली असे दाखवल्याशिवाय रक्कम कापता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र सगळी चूक आपलीच असेल, वळणावर आपलीच गाडी घसरली असेल, तर दुसऱ्याच्या विम्यातून काही मिळत नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. तो १५ लाखांचा असतो आणि मृत्यू व ठरावीक गंभीर अपंगत्वाला लागू होतो. आपल्या पॉलिसीत तो आहे का, हे आज घरी गेल्यावर पाहावे. तसेच बँक खात्याला जोडलेला २० रुपये हप्त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आपण घेतलेला आहे हे अनेक घरांत कुणाला ठाऊकच नसते. त्यातून मृत्यूला २ लाख आणि एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख मिळतो.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना एक शंका नेहमी असते. लग्नाला कोल्हापूरला निघालो, कागलजवळ उसाच्या ट्रॉलीला गाडी धडकली, तर दावा कुठे लावायचा? महाराष्ट्रात खेटे घालायचे का? गरज नाही. अपघात जिथे झाला तिथे, आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. निवड जखमीची. फक्त तिकडच्या ठाण्यातले कागद मराठीत असतील तर इथे त्यांच्या भाषांतराची तयारी ठेवावी.

मुदतीचे मात्र भान हवे. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करण्याची अट आली आहे. या अटीला आव्हान दिले गेले आहे आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर गेला आहे. म्हणून उशीर झालेल्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. पण ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांनी सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. प्लॅस्टर निघेपर्यंतच तीन महिने जातात.

रक्कम कशी ठरते?

इथे डॉक्टर आणि न्यायाधीश एकमेकांच्या अंगणात येतात. ‘डॉक्टरनं ४० टक्के लिहिलं, म्हणजे ४० टक्के पैसे’ असा समज आहे. तो चुकीचा आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हा गुंता सोडवला. प्रथम पाहायचे, की टक्केवारी एका अवयवाची आहे की संपूर्ण शरीराची. डाव्या पायाचे ४५ टक्के म्हणजे शरीराचे ४५ टक्के नव्हेत. मग पाहायचे, की हा माणूस आधी काय करीत होता आणि आता त्यातले काय करू शकतो. डावा हात गेला, तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला, तर त्याची नोकरी आणि पगार टिकू शकतो.

समजा, ३८ वर्षांचा एक शिंपी आहे. महिन्याला १५ हजार रुपये कमावतो. उजव्या हाताची बोटे आखडल्यामुळे त्याची कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली, असे न्यायाधिकरणाने मानले. स्वतःचा धंदा करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाची कमाई पुढे वाढली असती, म्हणून तीत ४० टक्के मिळवतात. झाले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. ३६ ते ४० या वयासाठी गुणक १५ आहे. गुणाकार ३७ लाख ८० हजार. त्याचे ४० टक्के म्हणजे १५ लाख १२ हजार रुपये. ही झाली फक्त भावी कमाईची भरपाई. याशिवाय उपचार, औषधे, प्रवास आणि पौष्टिक आहाराचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, पुढे लागणारे उपचार, वेदना आणि मनस्ताप, आयुष्यातल्या सुखाला मुकणे, तरुण असेल तर लग्न जुळण्यात येणारी अडचण, हे सगळे वेगळे मोजले जाते. आता याच शिंप्याने रस्त्यावर १५ हजार घेऊन ‘भरून पावलो’ लिहून दिले असेल, तर त्याने काय घालवले याचा हिशेब आपणच करावा.

‘बाई काही कमवत नव्हती, तिचं काय नुकसान?’ हा प्रश्न मी सुशिक्षित घरांतही ऐकला आहे. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामाचे मोल भरपाईत धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून अनेकदा सांगितले आणि २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितले. गुडघा मोडलेली आई चार महिने अंथरुणावर असते तेव्हा तिच्या कामासाठी घरात किती माणसे लागतात, हे ज्याने पाहिले त्याला कोर्टाच्या निकालाची गरज पडू नये.

डॉक्टरकडून इजा झाली तर

माझ्याच व्यवसायाबद्दल न बोलता पुढे गेलो, तर श्रोते मला माफ करणार नाहीत. १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. तक्रार ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. पण रोगी बरा झाला नाही किंवा दगावला, एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही. त्या शाखेतल्या साधारण जाणत्या डॉक्टरने जे केले असते ते याने केले का, एवढाच प्रश्न असतो. अपयश आणि हयगय यांत फरक आहे, आणि प्रामाणिक डॉक्टरला तो फरकच तारतो.

आम्हा होमिओपॅथांना १९९६ चा एक निकाल पाठ असावा लागतो. ताप आलेल्या रुग्णाला एका होमिओपॅथिक डॉक्टरने आधी विषाणूजन्य ताप आणि मग विषमज्वर समजून ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण दगावला. जे शास्त्र शिकलो नाही त्यातले औषध देणे हीच हयगय, तिला वेगळा पुरावा नको, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३ लाख रुपये द्यायला लावले. हा निकाल कठोर आहे आणि योग्य आहे.

पहिल्या दिवसाचे कागद

हक्क कोर्टात ठरतो, पण त्याचा पाया पहिल्या दिवशी इस्पितळाच्या केसपेपरवर घातला जातो. इजा कशी झाली, हे डॉक्टरला खरे सांगावे. ‘पोलिसांचं लचांड नको’ म्हणून ‘घरात पडलो’ असे लिहून घेतले, की तोच कागद पुढे विमा कंपनीचा वकील न्यायाधीशांपुढे ठेवतो. पोलिसांत लगेच नोंद करावी. एफ.आय.आर., पंचनामा, जखमेचा दाखला, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची प्रत्येक पावती एका फायलीत लावावी. इस्पितळातील कागदपत्रांची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळाली पाहिजे, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. कमाईचा पुरावा ठेवावा. पगाराची चिठ्ठी नसेल तर बँकेचे पासबुक, धंद्याची वही, गिऱ्हाइकांची नोंद, काहीही चालेल. जखमेचे आणि गाडीचे फोटो काढावेत. अपंगत्वाचा दाखला उपचार करणाऱ्या अस्थितज्ज्ञाकडून किंवा सरकारी वैद्यकीय मंडळाकडून घ्यावा. माझ्यासारख्या नंतर भेटलेल्या डॉक्टरचा दाखला तिथे फारसा उपयोगी नाही. माझ्या बिलांच्या पावत्या मात्र खर्चात धरता येतात.

जखमीला उचलून नेणाऱ्यानेही घाबरू नये. मदत करणाऱ्याला साक्षीदार म्हणून अडकवू नये, असे संरक्षण आता कायद्यातच आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार नियुक्त इस्पितळात रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही सुरू झाली आहे. तिची चौकशी दाखल करतानाच करावी.

वकिलाच्या फीची भीती असते. दाव्याच्या रकमेत टक्केवारी ठरवणे वकिलांना त्यांच्या परिषदेच्या नियमांनी मना आहे. आणि स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तडजोड करायचीच असेल तर लोक अदालत ही चांगली जागा आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणूनच आकडा ठरवण्याआधी दुखणे स्थिर झाले आहे का, पुढे शस्त्रक्रिया लागणार आहे का, हे डॉक्टरला विचारून जावे.

मागणे शोभते का?

शेवटी मनातल्या अडसराविषयी. पिढ्यान् पिढ्या परमुलखात प्रतिष्ठेने राहिलेल्या आपल्या घरांना कोर्टाची पायरी चढणे कमीपणाचे वाटते. ‘दुखण्यावर पैसे कमवायचे का?’ असे आजी विचारते. आम्हा जैनांत आणखी दोन गोष्टी पुढे येतात. एक म्हणजे हे आपल्याच कर्माचे फळ, आणि दुसरी म्हणजे क्षमा.

या दोन्हींचा मान राखूनच मी बोलतो. कर्माचा सिद्धांत माणसाला आलेले दुःख सोसायला शिकवतो. दुसऱ्याने आपले कर्तव्य टाळावे, असे तो कुठेही सांगत नाही. क्षमा ही मनातली गोष्ट आहे. क्षमावाणीच्या दिवशी त्या ट्रकचालकाला मनापासून क्षमा करावी, त्याच्याविषयी वैर ठेवू नये, फौजदारीत त्याला शिक्षा व्हावी असा हट्टही धरू नये. पण गाडीच्या मालकाने वर्षानुवर्षे विम्याचा हप्ता भरला तो अशाच दिवसासाठी. कंपनीने तो घेतला तोही याच वचनावर. ते वचन पाळायला लावण्यात द्वेष नाही आणि लोभही नाही. ती रक्कम न मागितल्याने चालकाचे भले होत नाही. जखमीची मुले मात्र शाळा सोडतात. आपण सोडलेला हक्क अनेकदा आपला एकट्याचा नसतो, घरातल्या लहानांचा असतो.

गेलेला पाय कुठलेही न्यायाधिकरण परत देत नाही, हे खरे. पैशाने फक्त पुढची वाट थोडी सपाट होते. म्हणून कुठल्याही कागदावर ‘भरून पावलो’ लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. दुखणे खरोखर थांबले का? काम पूर्वीसारखे होते का? आणि हा आकडा कुणा जाणत्याने तपासला का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तर निर्धास्त सही करावी. एकाचेही ‘नाही’ असेल, तर पेन खिशात ठेवावे आणि सहा महिन्यांची तारीख विसरू नये.